सरांचे कान आणि यादीतलं सातवं काम

फेब्रुवारीतला दुसरा मंगळवार, सकाळी साडेदहा. स्थळ सांगली, कानाच्या डॉक्टरांचा दवाखाना, पहिला मजला. हजर: सर, सरांची नात, डॉक्टर, दवाखान्यातल्या सिस्टर आणि मी. एकूण पाच. सरांच्या सूनबाई येणार होत्या, पण गॅसची टाकी येणार म्हणून घरी थांबल्या. गैरहजेरीचं हे कारण मी वहीत लिहून ठेवलं आहे, कारण मला ते पटलेलं नाही.

मी सगळंच लिहून ठेवते. माधवनगर रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयाची मी सोळा वर्षं व्यवस्था बघते. अक्षतांपासून जनरेटरच्या डिझेलपर्यंत सगळं वहीत असतं. यादीत नसलेलं काम होत नाही आणि यादीत असलेलं काम राहत नाही, हा माझा नियम. त्या आठवड्याच्या यादीत सात कामं होती. पाण्याची टाकी धुणे, वधूपक्षाच्या खोलीची कडी बदलणे, फुलवाल्याला झापणे वगैरे सहा. सातवं काम एवढंच लिहिलं होतं: ‘सरांना सांगणे.’ काय सांगणे ते लिहिलं नव्हतं. माझी वही कार्यालयात कुणीही उघडतं.

सर म्हणजे आमच्या कार्यालयाचे निवेदक. आमच्या भागात भटजींना उशीर झाला तर लोक चालवून घेतात, निवेदकाला झालेला चालत नाही. “अमुक अमुक साहेबांचं आगमन झालेलं आहे, दोन्ही परिवारांच्या वतीनं त्यांचं हार्दिक स्वागत” हे माईकवरून कानावर पडल्याशिवाय अर्धे पाहुणे दारातून आत सरकत नाहीत. माजी सरपंच चपलांच्या स्टँडपाशी दहा-दहा मिनिटं उभे राहतात, फेटा सारखा करतात, मोबाइल बघतात आणि नाव पुकारलं की नुकतेच पोचल्यासारखे घाईघाईनं आत येतात. मी रोज बघते.

सर मूळचे म्हसवडकडचे. तिकडच्याच जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी केली. मुलगा फौजेत. त्यानं माधवनगरला घर बांधलं म्हणून निवृत्तीनंतर सर इकडं आले आणि दोन महिन्यांत आमच्या माईकपाशी उभे राहिले ते उभेच आहेत. पांढरा शर्ट, खिशाला तीन पेनं, त्यातलं एक चालणारं. मानधन घेत नाहीत. नारळ, फेटा आणि जेवण एवढ्यावर येतात. त्यामुळे त्यांना थांबवायचा अधिकारही कुणाला राहिलेला नाही.

सरांचा जीव कानावर. दुसऱ्यांच्या कानावर. नोकरीत असताना दर सोमवारी प्रार्थनेनंतर ते पोरांचे कान तपासत. ज्याच्या कानात काडी, खडू, पेन्सिलीचं टोक असं काही सापडे, त्याला कान धरून वर्गभर फिरवत. निवृत्त झाल्यावर सोमवार गेला, पोरं गेली, पण तपासणी राहिली. ती आता माईकवरून चालते.

“वधूवरांना शुभाशीर्वाद देण्यापूर्वी एक सूचना. तिसऱ्या रांगेत निळा शर्ट घातलेले पाहुणे मोटारसायकलच्या किल्लीनं कान कोरत आहेत. त्यांनी ते कृपया थांबवावं.”

चारशे माना वळतात. निळा शर्ट किल्ली खिशात टाकतो. एकदा असा निळा शर्ट नवरदेवाचा सख्खा मामा निघाला आणि जेवायला न बसता गेला. त्याची समजूत काढायला मला दोनदा फाटकापर्यंत जावं लागलं.

मग प्रवचन. ते मला पाठ आहे. “बंधूभगिनींनो, कानातला मळ हा मळ नव्हे. तो राखणदार आहे. धूळ अडवतो, किडामुंगी अडवतो. आपण जेवतो, बोलतो, जबडा हलतो, तसा तो आपला आपण बाहेर येतो. तुम्ही काडी घालता आणि त्याला परत आत ढकलता. मग तिथं त्याचा दगड होतो. आंघोळीनंतर पंचाचं टोक बाहेरच्या पाळीवरून फिरवा, बस्स. गरम तेल नको, लसूण नको, कापसाची काडी नको, केसांचा आकडा तर नकोच नको. दुखलं, वाहिलं, ऐकू कमी आलं तर डॉक्टरांकडे जा. कानात काही म्हणजे काही घालू नका.” यात चुकीचं एक अक्षर नाही. पुढं डॉक्टरांनीही हेच सांगितलं. पण समोर लोक हातात जिलेबी धरून उभे असतात, आणि त्यांना मळाचा दगड ऐकायचा नसतो.

आणि हे सांगणाऱ्या माणसाला स्वतःला तीन वर्षांपासून काही ऐकू येत नव्हतं.

ते सर मान्य करत नसत. त्यांच्या मते साउंडची यंत्रणा कमजोर होती. दर लग्नात साउंडवाल्याला खूण करायची, “वाढव रं, वाढव.” साउंडवाला माझ्याकडे यायचा. “मॅडम, आता वाढवला तर खिडक्या जातील. लोकांनी पुढच्या चार रांगा मोकळ्या सोडल्यात.” खरंच, सरांच्या स्पीकरसमोर फक्त उशिरा आलेले आणि झोपलेली लहान मुलं बसायची. मुलं का झोपायची ते मला अजून कळलेलं नाही.

ऐकू न येणाऱ्या माणसाला काहीतरी एक उत्तर लागतं. सरांचं होतं, “व्हय, करू की.” सर, जेवलात का? व्हय, करू की. सर, गाडी आडवी लागलीय. व्हय, करू की. आचारी मावशी म्हणायच्या, “म्यानेजरबाई, सरांला म्हनलं बासुंदी नासली, तर करू की म्हनत्यात. आता मी काय समजायचं?”

चिठ्ठी लिहून द्यावी, तर त्याची वेगळीच गंमत. हातात आलेली प्रत्येक चिठ्ठी ही सूचना असते आणि सूचना ही वाचून दाखवायची असते, असा सरांचा ठाम समज. मी एकदा लिहून दिलं, “सर, नवरीच्या वडिलांना चक्कर आली आहे, थोडं आवरतं घ्या.” सरांनी ते पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत स्वच्छ उच्चारात वाचून दाखवलं. “आवरतं घ्या” सुद्धा. वडील शुद्धीवर आले ते आपल्यावरची सूचना ऐकून. मोबाइलवरचे निरोपही ते तसेच वाचतात. चिठ्ठीत आणि मोबाइलमध्ये ते फरक करत नाहीत.

जानेवारीत कहर झाला. भटजींनी अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू केली आणि सर आपले पलूसच्या पाहुण्यांचं स्वागत करतायत. भटजी ओरडतायत, सर त्यांच्यावर ओरडतायत, आणि सरांकडे माईक. शेवटी साउंडवाल्यानं वायर उपटली. मुहूर्त अकरा मिनिटांनी टळला. भटजी खाली उतरल्यावर मला म्हणाले, “पुढच्या वेळी सरांनाच पोथी द्या. मी स्वागताला उभा राहतो.” आमचे मालक बायकोच्या माहेरच्या माणसांखेरीज कुणाला घाबरत नाहीत. तेही म्हणाले, “बाई, सरांच्या कानाचं काहीतरी बघा.”

पण मी कानाचं बघितलं ते मालकांसाठी नाही, नातीसाठी.

सरांची ही नात सांगलीतच एका बँकेत आहे. हुशार, नीटस, कमी बोलणारी. सरांच्या घरात बोलायची पाळीच येत नाही, त्यामुळे सवय लागली असावी. तिचं लग्न साताऱ्याच्या एका घरात ठरलं. साखरपुडा आमच्याकडेच झाला आणि माईकवर अर्थात सर. पाहुण्यांचं स्वागत झालं, कानाचं प्रवचन झालं, आणि मग सरांना उदाहरण सुचलं. ती पहिलीत असताना तिनं कानात हरभरा घातला होता. घरच्यांना चार दिवस पत्ता लागला नाही. मग कान दुखायला लागला, आणि डॉक्टरांनी हरभरा काढला तेव्हा त्याला मोड आला होता. सरांनी हे साताऱ्याच्या सव्वाशे माणसांसमोर सांगितलं, हाताच्या बोटांनी मोडाची लांबी दाखवून.

तेव्हापासून नवऱ्याचा धाकटा भाऊ तिला ‘हरभरा वहिनी’ म्हणतो. नवऱ्याच्या आत्यानं फोनवर विचारलं, “आता कान बरा हाय न्हवं पोरीचा? ऐकू येतं न्हवं?” सासूबाईंनी संक्रांतीच्या वाणात चांदीच्या वाटीबरोबर मूठभर हरभरे दिले, हसत हसत.

फेब्रुवारी लागला आणि एके दिवशी नात माझ्या टेबलापाशी आली. बसली नाही.

“काकू, लग्नात आजोबांच्या हातात माईक द्यायचा नाही.”

“अगं, आजोबा आहेत तुझे. तुझ्या लग्नासाठी नवा शर्ट शिवायला टाकलाय त्यांनी.”

“शर्ट घालू देत. माईक नको. साखरपुड्याला सव्वाशे होते, लग्नाला हजार येणारेत. आयुष्यभर मला हरभरा म्हणतील ते लोक. तुमच्या सासरी कुणी असं म्हटलं असतं तर चाललं असतं तुम्हाला?”

“मग तू सांग. नाहीतर तुझी आई.”

“आई म्हणते, त्यांच्यापुढं बोलायची माझी टाप न्हाई, मॅनेजरबाईच सांगतील. पप्पा लग्नाआधी चार दिवस सुट्टीवर येणार, आणि आल्या आल्या त्यांच्या पाया पडणार. मी सांगून बघितलं काकू. तीनदा. ते म्हणाले, व्हय, करू की.”

मी वही काढली आणि सातवं काम लिहिलं.

लिहिल्यावर लक्षात आलं की हे काम करायची सोयच नाही. चिठ्ठी दिली तर ते ती माईकवरून वाचतील. हळू बोललं तर ऐकू येणार नाही. मोठ्यानं बोललं तर आचारी मावशी, त्यांच्या चार बायका, फुलवाला, शेजारचा गॅरेजवाला, सगळ्यांना कळेल की नातीनं आजोबांचा माईक काढून घेतला, आणि सांज व्हायच्या आत ते माधवनगरभर होईल. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला हे कानात सांगायचं असतं. आणि सरांचा कान बंद. म्हणजे आधी कान उघडायचे आणि मग त्यात हे घालायचं. क्रम सरळ होता. मी सातव्या कामाला पोटकाम जोडलं, ‘कान.’

सर दवाखान्यात जायला तयार होतील यासाठी कारण शोधावं लागलं. चौकशी केल्यावर कळलं की सांगलीतले हे कानाचे डॉक्टर म्हसवडकडचेच, चौथीपर्यंत सरांच्या हाताखालून गेलेले. बस्स. आता हे सरांपर्यंत पोचवायचं. रिकाम्या हॉलमध्ये सरांना पहिल्या रांगेत बसवलं, स्वतः माईक घेतला आणि साउंडवाल्याला म्हटलं, वाढव.

“सर! उद्या! साडेदहाला! तुमच्या जुन्या विद्यार्थ्याचा! दवाखाना! तपासायला! जायचंय!”

सरांचा चेहरा उजळला. “तपासाया? जाऊ की. पोरगं काय करतंय बघू तरी.” गॅरेजवाला रस्त्यापलीकडून ओरडला, “मॅडम, मी पण येऊ का?”

तर तो मंगळवार.

डॉक्टरांनी वाकून पाया धरले. सरांनी आधी त्यांचा उजवा कान धरला, प्रकाशाकडे वळवला, आत बघितलं, मग डावा. “स्वच्छ. बस.” डॉक्टर स्वतःच्याच दवाखान्यात स्टुलावर बसले. मग त्यांनी सरांना खुर्चीत बसवलं. सरांना सूचना द्यायला सिस्टरांनी पांढऱ्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘मान हलवू नका.’ सरांनी ते वाचून दाखवलं, खणखणीत, “मान हलवू नका!” बाहेर बाकावर बसलेले पेशंट ताठ झाले. एक बाई आत डोकावून म्हणाल्या, “आमी बी?”

डॉक्टरांनी बारीक कॅमेऱ्याची नळी उजव्या कानाशी लावली. भिंतीवरच्या पडद्यावर चित्र आलं. मला वाटलं होतं काळं-पिवळं काहीतरी दिसेल. दिसलं ते मळकट पांढरं, दाबून बसवलेलं.

“कापूस आहे,” डॉक्टर म्हणाले.

त्यांनी लांब चोचीच्या चिमट्यानं तो हळू ओढला. बाहेर आला तो अत्तराचा फाया. त्यामागं दुसरा. मग तिसरा. दवाखान्यात आधी डेटॉलचा वास होता, आता लग्नाचा सुटला. सिस्टर म्हणाल्या, “डॉक्टर, बावीस वर्षांत कानातून मणी निघाले, शेंगदाणे निघाले, एकदा झुरळ निघालं. वास यायची ही पहिलीच वेळ.”

उजव्यातून पाच, डाव्यातून तीन. मी लिहून घेतले.

आमच्या कार्यालयाच्या दारात गुलाबपाण्याबरोबर अत्तराचा फाया देतात. बायका मनगटावर फिरवून टाकून देतात. जुने पुरुष तो कानाच्या वरच्या घडीत खोचतात. सरांना तर नवरीचा बाप स्वतः आणून देतो. दिलेला फाया टाकणं म्हणजे यजमानाचा अपमान. मुहूर्ताच्या दिवसांत सरांची एका दिवशी दोन-दोन लग्नं. दुसऱ्या लग्नाचा फाया आला की पहिला थोडा आत सरकायचा. डीजे सुरू झाला की सर अंगठ्यानं जरा दाबायचे. मग पुढचं लग्न.

आठ फाये एका ट्रेमध्ये ओळीनं ठेवले. वहीमुळे मला त्यांचं वयही सांगता आलं. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीपर्यंत आमच्याकडे गुलाबाचं अत्तर होतं. मग मालकांच्या मेहुण्यानं मोगऱ्याची एजन्सी घेतली आणि तेव्हापासून सांगलीतल्या सगळ्या नवऱ्यांना आम्ही मोगरा लावतो. ट्रेमधले दोन गुलाबाचे होते.

“म्हणजे दोन वर्षांच्या वर,” मी म्हणाले.

“दोन वर्सं कशाला,” सर खुर्चीतून म्हणाले, “नेमकंच सांगतो. गुलाब त्या आष्ट्याच्या लग्नातला. लय झ्याक जेवण हुतं.”

सगळ्यांच्या माना सरांकडे वळल्या. मी हे ओरडून बोलले नव्हते. उजवा कान थोडा उघडला होता.

डॉक्टरांनी संधी साधली. “सर, चौथीत माझ्या कानात खडू सापडला तेव्हा तुम्ही कान धरून मला सगळ्या वर्गातून फिरवलं होतं. आता काय करू?”

सर पडद्याकडे बघत होते. नंतर ट्रेकडे. वर्गासमोर फळ्यावरचं गणित चुकलेले गुरुजी सावरून घेतात तसं ते सावरून बसले.

“हे बघ. मी कानात काय बी घातलेलं न्हाई.”

“मग हे आठ?”

“ते ठिवलं हुतं.”

नात इतकी हसली की सिस्टरांनी तिला बाहेर बसवलं.

फायांच्या मागं दोन्ही बाजूंना मळ घट्ट बसला होता. डॉक्टरांनी तो त्या दिवशी काढला नाही. कोरडा ओढला तर कातडी सोलते म्हणाले. आधी कान कधी वाहिला होता का हे विचारून कानाच्या पडद्याला भोक नसल्याची खात्री केली, मग मऊ करायचे थेंब दिले. पाच दिवस, दिवसातून तीनदा, थेंब घालून पाच मिनिटं कुशीवर पडून राहायचं. मी तक्ता करून सूनबाईंच्या फ्रिजवर चिकटवला. पुढच्या सोमवारी बारीक शोषनळीनं दोन्ही कानांतून काळे खडे निघाले. गव्हाच्या दाण्यापेक्षा मोठे. ऐकण्याची तपासणी झाली. वयामुळं थोडं कमी आहे, पण यंत्राची गरज नाही. सहा महिन्यांनी दाखवायचं आणि मधल्या काळात कानाला हात लावायचा नाही, ठेवायलासुद्धा नाही. ‘ठेवायलासुद्धा’ हा शब्द डॉक्टरांनी कागदावर लिहून खाली रेघ मारली.

जिना उतरताना सर दर पायरीवर थांबत होते. “ही तुझी चप्पल वाजती व्हय गं?” नातीला म्हणाले. रिक्षा गेली तसे भिंतीला टेकले. गाडीत बसल्यावर नात पाठीमागून नेहमीच्या आवाजात, म्हणजे हळू, म्हणाली, “आजोबा, घरी गेल्यावर चहा टाकू?”

“बिनसाखरेचा,” सर म्हणाले.

तिनं आरशातून माझ्याकडे बघितलं. तीन वर्षांत त्यांनी तिला पहिल्यांदा बरोबर उत्तर दिलं होतं. मला वाटलं, आता पोरगी विरघळणार आणि माझं सातवं काम आपोआप रद्द होणार. सर उतरून पुढं गेल्यावर ती खिडकीशी वाकली.

“काकू, आता ऐकू येतंय. आता सांगा.”

मी म्हटलं, या रविवारी सांगते.

रविवारी लग्न होतं. सर आले. आल्या आल्या साउंडवाल्याला म्हणाले, “किती रं बोंबलतंय ते! कमी कर.” साउंडवाल्यानं मला हात जोडले. पुढच्या चार रांगांत माणसं बसली. भटजींचं ‘सावधान’ सरांनी वेळेवर ऐकलं आणि वेळेवर गप्प बसले. मालक म्हणाले, “बाई, तुम्ही माणसाचं सोनं केलंत.” नवरीच्या बापानं फाया पुढं केला तेव्हा सरांनी तो दोन बोटांत धरला, वास घेतला, त्याला नमस्कार केला आणि त्याच्या समोरच, अत्यंत आदरानं, तो त्याच्याच खिशात घातला.

इथवर सगळं ठीक होतं. मग शुभाशीर्वाद.

“बंधूभगिनींनो, आज मी तुम्हाला एक सत्य घटना सांगणार आहे. एका निवृत्त शिक्षकाच्या कानातून आठ फाये निघाले.” पुढं अर्धा तास. गुलाब किती, मोगरा किती, कुठल्या गावच्या लग्नातला कुठला, आष्ट्याचं जेवण, विद्यार्थ्याचा दवाखाना, गव्हाच्या दाण्याचा आकार बोटांनी. शेवटी तात्पर्य: “ठेवलेलं हे सुद्धा घातलेलंच असतं.” लोकांना कधी नव्हे ते स्पष्ट ऐकू येत होतं, त्यामुळे कुणी उठूनही गेलं नाही. मी मांडवाच्या खांबाला धरून उभी होते. मी तीन वर्षांचा बंद पडलेला मनुष्य दुरुस्त करून आणला होता, आणि तो आता नव्यासारखा चालत होता.

जेवणं सुरू झाल्यावर सरांनी स्वतः मला खुणेनं बोलावलं. आसपास कुणी नव्हतं. आचारी मावशी मागं भांडी घासत होत्या, साउंडवाला पंगतीला बसला होता. जागा, वेळ, शांतता, सगळं यादीत लिहून मागवल्यासारखं जुळून आलं होतं.

“मॅनेजरबाई,” सर म्हणाले, “नातीच्या लग्नाचं भाषण तयार झालं बघा. सुरुवात तिच्या हरभऱ्यापासनं. शेवट माझ्या फायावर. आजा आन् नात, दोघांचं कान. मध्ये सातारकरांस्नी चार शब्द, त्यांनी बी आपलं कान दाखवून घ्यावं म्हनून. कसं वाटतंय?” त्यांनी खिशातून घडी घातलेले कागद काढले. दोन्ही बाजूंनी लिहिलेले. त्यासाठी तिन्हीतलं चालणारं पेन वापरलेलं दिसत होतं.

मी म्हटलं, “सर, तुम्हाला एक सांगायचं होतं.”

“सांगा की.”

“लग्नाबद्दल.”

सरांनी उजवा कान माझ्याकडे वळवला आणि वाकले. स्वच्छ, रिकामा, गुलाबी कान. डोळे मिटले होते त्यांनी. “हळू सांगितलं तरी चालंल, बाई,” म्हणाले. “आता समदं ऐकू येतंय मला.”

मी तोंड उघडलं.

“चपलांच्या स्टँडपुढं पांढरी गाडी आडवी लागलीय,” मी म्हणाले. “काढायला सांगा.”

“व्हय,” सर म्हणाले, आणि उठून गेले, आणि सांगितलं, आणि गाडी खरोखर हलली.

पाण्याची टाकी धुतली. कडी बदलली. फुलवाल्याला झापलं. जनरेटर भरला. पोटकाम झालं, तारखेसह. संध्याकाळी नातीचा निरोप आला, ‘काकू, झालं का?’ मी अजून उत्तर दिलेलं नाही. लग्न एकोणीस दिवसांवर आहे. सातवं काम बाकी.